पोतनीसकाकूंचं जावा

पोतनीसकाकू प्रोग्रॅमिंगचं पुस्तक विकत घेण्याआधी मोठ्यानं वाचून बघायच्या. कॉव्हेंट्रीतल्या पुस्तकाच्या दुकानात, कॉम्प्युटरच्या कपाटासमोर उभ्या राहून, कार्डिगनची बाही कोपरापर्यंत सारून त्या सुरू व्हायच्या, "पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड, मेन!" शेजारचा टाय लावलेला गोरा गृहस्थ 'सॉरी' म्हणून दोन पावलं बाजूला सरकायचा. दोन पानं झाली की पुस्तक परत कपाटात.

"कानाला बरं लागत नाही रे."

हा 'रे' म्हणजे मी. पुण्याहून वर्क परमिटवर इंग्लंडला आलो होतो आणि काकूंच्या समोरच्याच घरात खोली घेऊन राहत होतो. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला तिळाची वडी हातावर ठेवता ठेवता त्यांनी विचारलं होतं, "तू ते जावाचं प्रोग्रॅमिंग करतोस ना? मग मला एक चांगलं पुस्तक सांग."

काकूंचं वय सदुसष्ट. डॉक्टरांशी लग्न होऊन इथे आल्या त्याला पस्तीसएक वर्षं झालेली. डॉक्टर हॉस्पिटलात हाडांचे सर्जन होते. रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून ते मागच्या खोलीतच असत. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काकू त्यांच्याबद्दल फारसं बोलत नसत, मीही विचारत नसे. बाईंना विरंगुळा हवाय, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण विरंगुळ्याच्या मानानं काकू फार चोखंदळ होत्या. ऑफिसातल्या सगळ्यांनी नावाजलेलं जाडजूड पुस्तक मी त्यांना दिलं. चौथ्या दिवशी परत. "माणूस हुशार आहे, पण वाक्यात श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही. मला धाप लागली." दुसऱ्या पुस्तकात सगळी उदाहरणं प्राण्यांची होती. तेही परत. "कुत्रा हा प्राणी आहे, हे सांगायला चार पानं? आणि पाचव्या पानावर तो भुंकतो. तेवढ्यासाठी मी चष्म्याचा नंबर वाढवू?"

मग मी इंटरनेटवरचं एक ट्यूटोरियल ऑफिसात गुपचूप प्रिंट करून आणलं. ऐंशी पानं.

"इथे 'क्लिक हिअर' लिहिलंय," काकू म्हणाल्या. "कुठे करू क्लिक? कागदावर?"

"काकू, ते कॉम्प्युटरवर वाचायचं. तुमच्याकडे आहे ना कॉम्प्युटर?"

कॉम्प्युटर होता. लाउंजच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या आच्छादनाखाली, वर फ्लॉवरपॉट. मी जरा चिडलोच. "एखादा प्रोग्रॅम लिहून तरी बघितलात का?"

"मी?" काकू हसल्या. "मी कशाला लिहू? चहा घेणार का?"

त्या दिवशी मी ठरवलं, आता बास. पण पुढे एका शनिवारी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये एक पातळसं, कोपरे दुमडलेलं पुस्तक हाती लागलं. लेखक समोर बसून, बिस्किट बुडवत बुडवत समजावून सांगतोय असं वाटत होतं. मी तिथेच उभा राहून दोन पानं वाचली. नंतर लक्षात आलं, मीही मोठ्यानं वाचत होतो.

पुस्तक दारातून देऊन आलो. पंधरा दिवस झाले तरी परत येईना. शेवटी एका रविवारी दुपारी चौकशीला गेलो. दार लोटलेलंच होतं आणि मागच्या खोलीतून काकूंचा आवाज येत होता.

"इंट, आय, इक्वल्स, झीरो, सेमिकोलन."

मी आत जाऊन त्या खोलीच्या दारात थबकलो. खिडकीपाशी खुर्चीत डॉक्टर बसले होते. मांडीवर शाल, मान किंचित कललेली. शेजारी स्टुलावर काकू, हातात ते पुस्तक.

"ये, आत ये," काकू म्हणाल्या. "अहो, हाच तो, समोरचा."

मी नमस्कार केला. डॉक्टरांनी डोळ्यांनी घेतला.

"ह्यांचं दहा वर्षं चाललं होतं," काकू सांगू लागल्या. "रिटायर झालो की प्रोग्रॅमिंग शिकणार. कॉम्प्युटर आणला, पुस्तकांची यादी केली, आणि आठव्या दिवशी बाथरूममध्ये पडले. आता अक्षरं डोळ्यांपुढे ठरत नाहीत. पण ऐकलेलं समजतं, असं थेरपिस्ट म्हणते. म्हणून रोज तासभर वाचते. मला ओ की ठो कळत नाही रे. पण पुस्तक वाईट असलं की हे डोळे मिटून घेतात. तुझा कुत्रा भुंकायच्या आत झोपले होते."

मी काकूंच्या स्टुलामागे जाऊन उभा राहिलो. काकूंनी बोट ठेवून ओळ शोधली आणि पुढे वाचायला लागल्या. एक ओळ झाली, दुसरी सुरू केली, तोच शालीवरचा डॉक्टरांचा डावा हात वर आला.

"काय हो? पाणी?"

हात तसाच. एक बोट पुस्तकाकडे.

मी वाकून पाहिलं. "काकू, आधीच्या ओळीतला शेवटचा सेमिकोलन वाचायचा राहिला. त्याच्याशिवाय जावाची ओळ पुरी होत नाही, चूक धरतात."

"एवढंसं ते टिंब?"

डॉक्टरांच्या ओठांची डावी कड जराशी वर गेली. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पुस्तक उलटं मांडीवर ठेवून त्यांनी कार्डिगनच्या बाहीनं नाक पुसलं.

"माझी आमटी, माझं इंग्लिश, माझं गाडी पार्क करणं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "जन्मभर ह्या माणसानं माझ्या चुका काढल्या. इतका राग यायचा मला. वर्ष झालं बघ, एक चूक काढली नव्हती."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुढची ओळ सावकाश, खणखणीत वाचली. शेवटी सेमिकोलन होता. मला दिसत होता, त्यांनाही दिसत होता. तो त्यांनी गाळला, आणि डॉक्टरांच्या डाव्या हाताकडे बघत बसल्या.