मल्लाप्पा अण्णांची न संपणारी खाण

मल्लाप्पा अण्णांना रिकामं भांडं बघवत नाही. निम्मं झालेलंही बघवत नाही. तुमच्या पेल्यातलं पाणी दोन घोट खाली गेलं की तांब्या घेऊन हा माणूस हजर. माझ्या नवऱ्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा अण्णा दवाखान्यात भेटायला आले, स्टुलावर बसले आणि प्रकृतीची चौकशी करायच्या ऐवजी सलाइनच्या बाटलीकडे एकटक बघत राहिले. बाटली निम्म्यावर आली तसे उठले, वॉर्डाच्या दारात गेले आणि ओरडले, "ओ सिस्टर, हितं वाढा की!"

सगळे पेशंट आपापले टाके सांभाळत हसले.

अण्णा राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर मेस चालवतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते गडहिंग्लजकडून एसटीने आले. सोबत दोन पातेली, एक तवा आणि कपड्यांपेक्षा जास्त शेंगदाण्याची चटणी. भाडेकरूची माहिती असावी म्हणून मी पहिल्याच आठवड्यात लग्नाबद्दल विचारलं. "ऱ्हायलं," अण्णा म्हणाले. दळण आणायचं राहावं तसं.

मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय आहे. अण्णांसाठीही मी केली होती: पाणी कधी येतं, कचरा कुठे टाकायचा, मोटर कोणी लावायची, मुलांचा गोंगाट किती वाजेपर्यंत चालेल. ती मी वाचून दाखवली. अण्णांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "ह्यात तुमचं जेवान कुठं हाय, अक्का?" तेव्हापासून आमच्या रात्रीच्या भाकऱ्या खालून येतात. त्यांच्याकडे कानडीत मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. अण्णा माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "मग काय झालं?"

मेसमध्ये नवा मुलगा आला की महिनाभर त्याला नावाने हाक मारत नाहीत. तो 'पावणं' असतो. पावण्याने काही मागायचं नाही आणि नको म्हणायचं नाही. आमटीसाठी कोणाला हाक मारावी लागली तर अण्णा वाढप्याकडे अशा नजरेने बघतात, की त्या बिचाऱ्याने गावाकडची गाडी पकडावी.

अशा माणसाचा आणि कॉम्प्युटरच्या खेळाचा संबंध येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. मेसमध्ये संतोष नावाचा चंदगडचा मुलगा होता, इंजिनिअरिंगला. त्याच्या होस्टेलवर स्वतःचा कॉम्प्युटर ठेवायला बंदी होती, म्हणून त्याने तो अण्णांच्या मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांशेजारी लावला. हा नुसता कॉम्प्युटर नाही, सर्व्हर आहे, असं तो सांगायचा. त्यावर एक खेळ चालायचा. त्यातलं जग सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. मेसची मुलं कॉलेजमधून, नेट कॅफेतून, जिथे असतील तिथून त्या एकाच जगात शिरायची. दगड फोडायची, कोळसा-लोखंड काढायची, घरं आणि पूल बांधायची. एक वायर खिडकीतून वर घेऊन माझ्या कॉम्प्युटरलाही जोडली होती. त्या बदल्यात गॅसचा सिलिंडर वर चढवून द्यायचं काम मुलांकडे, असं मी ठरवून घेतलं होतं.

मुलं जेवायला उशिरा येऊ लागली. एके दिवशी अण्णा उलथनं हातात घेऊन मागच्या खोलीत शिरले. तिथे ठेवलेले आमचे गहू बघायला मीही आले होते. पडद्यावर एक मोठा खड्डा होता आणि त्याच्या काठावर खेळणाऱ्या मुलांची पाच-सहा बाहुली नुसतीच उभी होती.

"ही का उभी हाईत?"

"खाण संपली, अण्णा," संतोष म्हणाला. "सगळ्यांची मिळून एकच हुती. आत कायबी न्हाय आता."

"संपली?" अण्णांचा आवाज चढला. "पोरं पानावर बसल्यात आणि संपलं म्हंतोस? लाज कशी वाटत न्हाय?"

संतोष घाबरून म्हणाला, की खाण परत भरता येते. छोटा प्रोग्राम लिहिला तर ती आपली आपण भरत राहील.

"मग लिव की!"

"जेवून लिवतो."

"आधी लिव. भाकरी काय पळून जाती व्हय?"

भाकरी थांबेल असं अण्णांच्या तोंडून मी तेव्हा प्रथम ऐकलं.

खाण कशी भरावी हे अण्णांनीच ठरवून दिलं. एक ठोकळा उचलला की त्या जागी लगेच दुसरा आला पाहिजे. मागायची पाळी येता कामा नये. संतोषने हुबेहूब तसं केलं. मुलं आनंदाने आत शिरली, खणत पुढे गेली आणि मागून खाण भरत आली. पाठीमागे दगड, डोक्यावर दगड, शेवटी उभं राहायच्या जागीही दगड. त्या खेळात दगडात अडकलं की माणूस गुदमरून मरतो. सगळे मेले. मेलेला परत काठावर जिवंत होतो, म्हणून सगळे परत आत गेले आणि परत मेले.

"अण्णा, पोरं मराय लागल्यात!" संतोष ओरडला.

अण्णांनी पडद्याकडे बघून मान डोलवली. "आग्रह जरा जादा झाला," ते म्हणाले.

मग ठरावीक वेळाने भरायचं ठरलं. पण आत असलेले तरीही गाडलेच जात. म्हणून भरण्याआधी सगळ्यांना उचलून काठावर ठेवायची सोय संतोषने केली आणि आधी सूचना द्यायची ठरली. सूचना अण्णांनी सांगितली, संतोषने तशीच्या तशी घातली: "खाण भरतोय. हात आवरा, भाईर या. मागनं बोंबलायचं न्हाय." पुढची तक्रार शिड्यांची. मुलांनी आत लावलेल्या शिड्या दर भरणीला दगडाखाली जायच्या. तेव्हा चारी बाजूंनी शिड्यांसाठी एक पट्टा सोडला, भरताना त्याला हात लावायचा नाही. "ताटाला काठ लागतोयच की," अण्णा म्हणाले.

खरी भांडणं झाली ती प्रमाणावरून. दगड किती, कोळसा किती, लोखंड किती. संतोषने मुलांना खूश करायला भरपूर हिरे घातले होते. अण्णांनी ते पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"हिरा म्हंजे मीठ, बाळा. मुठीनं घालतंय का कोन मीठ? दगड ही भाकरी. कोळसा आमटी. लोखंड उसळ, ती सगळ्यास्नी पुरली पायजे."

"आणि सोनं?"

"लोणचं. कडंला."

नव्या मुलांना जुनी मुलं रेटून बाजूला सारतात असं दिसल्यावर पावण्यांसाठी वेगळी, मऊ मातीची खाण निघाली. एका मुलाने एकदा धाडस केलं. "अण्णा, दुसऱ्या सर्व्हरवर खाण भरत न्हाईत. लांब लांब हुडकाय लागतंय. त्यात मजा हाय."

"मग तिकडंच जेवाय जा," अण्णा म्हणाले. त्या रात्री त्या मुलाला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

हळूहळू अण्णा एका बोटाने टाइप करायला शिकले. आमटी ढवळून आत जायचे, खाणीत डोकावायचे, परत येऊन फोडणी द्यायचे. स्वतः मात्र एक ठोकळाही कधी खणला नाही. वाढणाऱ्याने पंगतीत बसायचं नसतं.

पुढच्या वर्षी ती मुलं पास होऊन पांगली. कोणी पुण्याला, कोणी बेंगळुरूला. जायच्या आधी संतोषने विचारलं, "सर्व्हर बंद करू का, अण्णा?"

"का? तिकडनं येता येत न्हाय?"

"येतंय की. इंटरनेट असलं की झालं."

"मग ऱ्हाऊ दे. येत जावा."

"येणार की, अण्णा. रोज." सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. कॉम्प्युटर पोत्यांशेजारीच राहिला. मेसला नवी मुलं आली, पण ती या खेळातली नव्हती. जेवायची आणि मोबाइलवर बोलत निघून जायची.

काही महिन्यांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. अण्णा सकाळी चूल पेटवायच्या आधी मागच्या खोलीत जाऊन बसत होते. एकदा पाण्याचं सांगायला मी खाली गेले, तेव्हा ते पडद्यासमोर होते. खाणीच्या एका कोपऱ्यात वेडावाकडा खड्डा होता. अण्णांनी तो नीट बघून घेतला, मग एका बोटाने काहीतरी टाइप केलं आणि खाण भरली.

"ती आपोआप भरते ना?" मी विचारलं.

"ते बंद केलंय."

"का? संतोषने इतकी खटपट केली होती."

"आपली आपण भरली तर मला कळंल कसं, अक्का?" अण्णा म्हणाले. "रोज सकाळी बघावं तर भरल्याली. कोन आलं, कोन आलंच न्हाय, काय पत्त्या न्हाय. आता खड्डा दिसला की समजतंय, कोनतरी जेवून गेलं."

"फोन करा की त्यांना."

"आणि काय इचारू? खाणीत आलतास का म्हणून? कामाधंद्याला लागल्याली पोरं ती." त्यांनी पडद्यावर बसलेली पिठाची धूळ पंचाने पुसली. "त्यास्नी वाटलं तर यावं. आपण ताट मांडून ठेवायचं."

त्यानंतर मीही जाता-येता खाणीकडे बघू लागले. खड्डे लहान झाले. मग आठवड्याला एक. मग एकही नाही. मी मनातल्या मनात कारणं मांडली: नवी नोकरी, नवं लग्न, नवा खेळ. तिन्ही कारणं चांगली होती आणि एकही अण्णांना सांगण्यासारखं नव्हतं.

अण्णांनी वेगळंच निदान केलं. स्वयंपाकातच काहीतरी चुकतंय. त्यांनी हिरे वाढवले. मग आणखी वाढवले. शेवटी खाण त्या खेळातल्या निळ्या हिऱ्यांनी नुसती चमकायला लागली आणि तरीही तिला कोणी हात लावला नाही. त्या दिवसांत आमटी खारट होत होती. मुलं बोलली नाहीत, पण मी बोलले. अण्णा "व्हय" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आमटी अळणी झाली.

हे असं चालू देणं शक्य नव्हतं. एका दुपारी अण्णा बाजारहाटाला लक्ष्मीपुरीत गेल्यावर मी माझा कॉम्प्युटर लावला. मुलांनी तिथे खेळ घालून ठेवलेला होताच. मी खाणीत उतरले. कुदळ कशी चालवायची हे कळायला थोडा वेळ लागला, दोनदा मी छतच फोडलं, पण एकदा जमल्यावर काम झटपट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काहीतरी निमित्त काढून खाली गेले. अण्णा पडद्यासमोर पुढे झुकून बसले होते.

"आलं होतं वाटतं कोणी," मी म्हणाले.

"व्हय." त्यांनी खड्डा परत एकदा नीट बघून घेतला. मग बोट पडद्यावर ठेवून म्हणाले, "अक्का, हे बघा. हितनं तितवर एका रांगंत खणलंय. तितनं परत हितवर दुसरी रांग. एक ठोकळा वाकडा न्हाय. जाताना खालचं सांडल्यालंबी गोळा केलंय. इंजिनिअरिंगची पोरं अशी खणत्यात व्हय?"

मी तांदळाच्या पोत्यांकडे बघितलं.

अण्णा हसले नाहीत. खुर्ची माझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "लोखंड किती गावलं?"

"दोन," मी म्हणाले. "हिरे मात्र पुष्कळ होते."

"दोनच?" त्यांचा चेहरा एकदम पडला. "एवढ्या रांगा खणल्यासा आणि दोनच? हिरं काय चावायचं हाईत?"

ते लगेच पडद्याकडे वळले आणि एका बोटाने प्रमाण बदलू लागले. हिरे कमी, लोखंड दुप्पट. मग थोडा विचार करून कोळसाही वाढवला. चुलीवर पाणी उकळून उकळून आटत आलं होतं, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"आता येऊन बघा," ते म्हणाले. "कधी येतासा?"

त्या लोखंडाचं पुढे काय करतात, हे मला आजही ठाऊक नाही. साडेतीननंतर जमेल, असं मी सांगितलं.