एका गालाचा संशय

"हलू नका," असं म्हणत काकूंनी तपकिरी दोऱ्याचं रीळ काकांच्या डाव्या गालाला टेकवलं.

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. "हे काय चाललंय?"

"उजवा गाल बदामी आहे. डावा कॉफी. चांगला दोन शेडचा फरक आहे."

"वय झालं गं आता."

"वय काय एकाच गालाचं होतं?"

काकांनी पुन्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. काकूंच्या लक्षात आलं, की ते जाहिरातींचं पान होतं आणि जाहिराती काका कधीच वाचत नसत.

काकूंचं मॅचिंगचं दुकान होतं. गिऱ्हाईक "डाळिंबी अस्तर द्या" म्हणालं, की "कच्चं डाळिंब की पिकलेलं?" असं विचारणाऱ्या त्या. अशा बाईपासून नवऱ्याचा गाल लपणार कसा? आणि काकांची नोकरी तर पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये, म्हणजे थेट तळघरात. भर दुपारी तिथे दिवा लावल्याशिवाय फाईल सापडत नसे. सव्वीस वर्षं काका रोज संध्याकाळी ऐकवत आले होते, "मी एक दिवस रजा टाकली ना, तर अख्खी कचेरी आंधळी होईल!" मग त्या तळघरात ऊन आलं कुठून? आणि आलं ते एकाच गालावर?

एकदा शंकेची पाल चुकचुकली आणि काकूंना एकेक गोष्ट दिसू लागली. एक दिवसाआड दाढी करणारे काका आता रोज करत होते. खिशात नवा कंगवा आला होता. कहर म्हणजे, सकाळी न्हाणीघराच्या बंद दारामागून मधाळ आवाज आला, "बसा ना. घाई कसली? मनात असेल ते सगळं सांगा मला."

लग्नाला एकतीस वर्षं झाली. या आवाजात काका काकूंशी एकदाही बोलले नव्हते.

शेजारच्या पार्लरवालीपाशी त्यांनी मन मोकळं केलं. पार्लरवालीने भुवया उडवल्या. "काकू, एकच गाल रापला म्हणजे माणूस गाडीत खिडकीशी बसतोय. आता गाडी चालवतंय कोण, ते तुम्ही शोधा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून काकू दुपारी दुकानाला कुलूप घालून कचेरीसमोरच्या फाटकापाशी उभ्या राहू लागल्या. छत्री उघडली तर ओळखू येईन म्हणून छत्री मिटलेली. कचेरीच्या काचांवर ऊन असं तळपायचं, की आतलं काही दिसत नसे. म्हणून त्यांनी सगळं लक्ष बाहेर पडणाऱ्या गाड्यांवर ठेवलं. तीन आठवडे उभ्या राहिल्या. गाड्या गेल्या, त्यांत साहेब गेले, एकदा पाण्याचा टँकर गेला. काका काही गेले नाहीत.

काका मात्र घुमे झाले होते. जेवताना एकदा त्यांनी विचारलं, "दुपारी दुकान उघडं असतं ना?"

"मग काय झाकून ठेवते?" काकू म्हणाल्या आणि त्यांनी वाटीत डोकं घातलं.

शेवटी त्यांनी परीक्षाच घ्यायची ठरवली. पार्लरवालीने मलमाची बिनलेबलची डबी दिली होती. "आठ दिवसांत गाल उजळेल." उजळलेला गाल पुन्हा रापला तर चोर रंगेहाथ सापडेल, असा काकूंचा हिशेब. रविवारी दुपारी काका घोरत असताना त्यांनी डाव्या गालाला मलम चोपडलं. दोन रविवार आणि मधली एक सुट्टी, असं एकूण तीनदा. तिसऱ्या वेळी काका ओरडतच उठले. गाल टोमॅटोसारखा लाल झाला होता आणि कडेने काळपट पडू लागला होता.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी गाल पाहिला, डबी हुंगली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. "आत काय आहे ते लिहिलेलं नाही, असलं काही तोंडाला लावायचं नाही. काका, तुम्ही खिडकीशी बसता का?"

काकांनी खिशातला नवा कंगवा काढला आणि पुन्हा आत ठेवला.

"अहो, सांगा की! कुणाच्या गाडीत?" काकूंचा बांध फुटला.

"गाडी कसली!" काका पुटपुटले. "सगळ्या फायली कॉम्प्युटरमध्ये गेल्या. रेकॉर्ड रूमला टाळं लागलं. चार महिने झाले, मी तक्रार खिडकीवर बसतो. नळ कोरडा पडला, की लोक मलाच शिव्या घालतात. साहेब म्हणाले, गोड बोलायला शिका. तुला काय सांगणार होतो? माझ्यावाचून कचेरीचं काहीच अडलं नाही म्हणून?"

काकूंना हसावं की रडावं कळेना. सव्वीस वर्षं अंधारात फायली जपलेला हा माणूस आरशासमोर उभा राहून परक्यांशी गोड बोलायचा सराव करत होता.

"काच असली तरी ऊन काम करतंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी जळजळ थांबवू. मग सकाळी आणि दुपारी सनस्क्रीन, डोक्यावर टोपी आणि तीन-चार महिने धीर. कातडी म्हणजे कापड नाही, एका दिवसात रंगवून देता येत नाही." मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. "तुमच्याही दोन्ही गालांवर वांग आहेत. जुनेच असतील, पण उन्हाने चांगलेच गडद झालेत. तुम्ही कुठे उन्हात असता?"

"मी? मी दुकानात असते. सावलीत."

"कचेरीसमोरच्या फाटकापाशी," काका शांतपणे म्हणाले. "दीड ते अडीच. छत्री मिटून."

"तुम्हाला दिसत होते मी?"

"माझ्या डाव्या हाताची काच फाटकाकडेच आहे. बाहेरून आतलं दिसत नाही, आतून सगळं दिसतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर खिडकीचं सांगावं लागलं असतं. आणि मला वाटलं, तू कुणाची तरी वाट बघतेस. प्रत्येक गाडीत वाकून पाहायचीस गं!"

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून दोन चिठ्ठ्या लिहिल्या. खांदे मात्र हलत होते. "औषधं वेगवेगळी आहेत," त्या कशाबशा म्हणाल्या. "ज्याने त्याने आपलं लावायचं. एकमेकांना लावायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रार खिडकीसमोर डोक्यावर छत्री धरलेल्या एक बाई आल्या आणि थेट बाजूच्या काचेला टेप लावून माप घेऊ लागल्या.

"बसा ना," काका म्हणाले. "काय तक्रार आहे?"

"ऊन फार येतं. पडदा शिवायचाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काकू, रांगेतून या!"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी नाइलाजाने हात जोडले. "रांगेतून यावं लागेल, बाई. सगळ्यांना एकच नियम."

आवाज अगदी मधाळ होता. काकू मुकाट्याने टेप गुंडाळून अठराव्या नंबरवर जाऊन उभ्या राहिल्या.