चंदेरी खोळ

माणसाने यंत्राला घाबरायचं नसतं, यंत्राने माणसाला घाबरून राहायला हवं!

हे वाक्य मी दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून, छाती पुढे काढून उच्चारलं. जन्मभर विनोदी लिहून पोट भरलेल्या माणसाला अशी वाक्यं आयती सुचतात. बायको उशीला अभ्रा घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी ते चालू तरी करा. काल तासभर पडद्याचंच बटण दाबत बसला होतात."

प्रश्न आमच्या कॉम्प्युटरच्या नेटचा होता. कॉम्प्युटर मागच्या खोलीत, मुलाच्या टेबलावर. मुलगा परदेशी गेला आणि जाताना कॉम्प्युटर ठेवून गेला, आम्हाला एकटं वाटू नये म्हणून. वायफायचा राउटर पुढच्या दाराशी, चपलांच्या कपाटावर. तिथून मागच्या खोलीत पोचेपर्यंत रेंजचा जीव अर्धा व्हायचा. पडद्यावर एक दांडी दिसायची, तीही उपकार केल्यासारखी!

दर रविवारी मुलगा त्या कॉम्प्युटरवर भेटायचा. चेहरा चौकोनाचौकोनांचा यायचा. पोरगा माझाच, पण फरशी बसवल्यासारखा दिसायचा. तरी बोलणं व्हायचं. "जेवलास का?" नीट पोचायचं. "तिकडे थंडी आहे का?" नीट पोचायचं. मग मी विचारायचो, "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय. तू येशील ना?" आणि चित्र थांबायचं! तोंड अर्धं उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला. मागून आवाज, "बा... बा... आवाज... तुट..." की संपलं.

दर वेळी नेमकं तिथेच! मी निष्कर्ष काढला की मोठ्या प्रश्नाला मोठी रेंज लागत असणार.

आणि प्रश्न मोठाच होता. डॉक्टर म्हणाले होते, "ऑपरेशननंतर यांना उठवायला-बसवायला घरात कुणीतरी धट्टंकट्टं माणूस हवं." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच भिंतीकडे पाहिलं.

म्हणून मी कंबर कसली. पहिल्यांदा नेटच्या कंपनीला फोन लावला. तिकडून एक गोड आवाज म्हणाला, "सर, राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये काही अडथळा आहे का?"

"दोन भिंती, एक कपड्यांचं कपाट आणि बायको."

"सर, यातलं काय हलवता येईल?"

"कपाट."

ते हलवलं. कपाटामागे माझा हरवलेला चष्मा सापडला, बायकोने लपवलेलं चॉकलेट सापडलं, फक्त रेंज सापडली नाही. वर माझी कंबर धरली ती वेगळीच. धट्ट्याकट्ट्या माणसाची गरज आता दोघांना होती.

मग मेहुणा आला. मेहुणा सरकारी कचेरीतून निवृत्त. त्याला येत नाही अशी गोष्ट जगात नाही. फक्त येताना अजून कुणी पाहिलेली नाही.

"भाऊजी," तो राउटरकडे तुच्छतेने पाहत म्हणाला, "रेंज ही पाण्यासारखी असते. वरून खाली येते. तुम्ही तिला चपलांशेजारी बसवलीत! ती काय वर चढणार? मागच्या खोलीच्या भिंतीला, छताजवळ फळी ठोका. त्यावर राउटर. मग बघा धबधबा!"

ड्रिल मशीन त्याने बरोबरच आणलं होतं. म्हणजे निदान येण्याआधीच झालेलं होतं.

"इथे पाण्याचा पाईप तर नाही ना?" मी खालून शिडी धरून विचारलं.

"भाऊजी, भिंत बघून कळतं मला. ही कोरडी भिंत आहे!"

पुढच्याच क्षणी ती कोरडी भिंत आमच्या तोंडावर थुंकली.

काय ती धार! मेहुण्याने भोकात अंगठा घातला, तर पाणी अंगठ्याच्या चारी बाजूंनी कारंज्यासारखं उडायला लागलं. "ताई! मुख्य नळ बंद कर!" तो ओरडला. बायको गुडघ्यावर हात ठेवून लंगडत दारात आली.

"भिंतीत काय शोधताय दोघं?"

"रेंज!"

"सापडली?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज आला, "अहो, आमच्या पंख्यातून पाणी गळतंय हो!"

"बघा भाऊजी," मेहुणा शिडीवरून म्हणाला, "वरून खाली येते म्हटलं नव्हतं?"

बायकोने नळ बंद केला आणि पहिली धाव घेतली ती कॉम्प्युटरच्या खोळीकडे. कॉम्प्युटरकडे नव्हे, खोळीकडे!

आता ही खोळ सांगायलाच हवी. आमच्या घरात खोळ नसलेली वस्तू म्हणजे फक्त मी. फ्रिजला खोळ, मिक्सरला खोळ, रिमोटला खोळ, मेहुण्याने दिलेल्या फुलदाणीला तर दोन. मुलाच्या कॉम्प्युटरच्या डब्याला तिने खास खोळ शिवली होती. खिडकीतून दुपारचं ऊन पडतं, म्हणून गाडीच्या काचेला लावायच्या जाड चंदेरी पडद्याची. वरून, मागून, दोन्ही बाजूंनी बंद. खाली झालर, पुढे बटणापुरतं भोक. मुलाने अंगावर घ्यायला आईकडून काही नेलं नाही, ते सगळं त्याच्या डब्याने अंगावर घेतलं होतं.

ती ओली खोळ तिने ओढून काढली आणि पिळायला नेली. माझी नजर पडद्यावर गेली.

दांड्या! सगळ्या! काठोकाठ भरलेल्या!

मी डब्याच्या मागे वाकून पाहिलं. तिथे दोन काळी शिंगं होती. रेंज पकडायची ती हीच. इतके दिवस चंदेरी पिशवीत गुदमरत होती बिचारी.

"खोळ!" मी किंचाळलो. "रेंज खोळीने अडवली होती!"

"मी म्हणतच होतो," मेहुणा म्हणाला. त्याचा अंगठा अजून भोकातच होता.

बायको खोळ दोरीवर टाकताना एवढंच म्हणाली, "वाळली की परत घालते."

"खबरदार!" मी म्हणालो.

रविवार आला. मुलगा पडद्यावर आला, आणि काय सांगू! कपाळावरचा तीळ दिसला. केस मागे हटलेले दिसले. त्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या मांजराच्या मिशा मोजता आल्या असत्या.

"बाबा, आज एकदम स्पष्ट दिसताय," तो म्हणाला.

"नेट दुरुस्त केलं रे! भिंत फोडून! आता काही तुटायचं नाही."

"अरे वा," तो म्हणाला. पाहुण्यांनी मुक्काम वाढवल्याचं सांगितलं की आपण जसं म्हणतो, तसं.

बायको दारात उभी होती. गुडघा दुखत होता तरी बसली नाही.

"पुढच्या महिन्यात आईचं ऑपरेशन. तू येशील ना?"

चित्र थांबलं. तोंड अर्धं उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला.

मी दांड्या पाहिल्या. काठोकाठ.

मग मांजर उठलं. सावकाश टेबलावर उतरलं, थांबलेल्या मुलापुढून इकडून तिकडे चालत गेलं, वळलं, आणि त्याच्या नाकाखालून शेपूट फिरवलं. थांबलेल्या चित्राचं नाक हललं! एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. डोळ्यांत पाणी आलं, शिंकेचं. पण पोरगं पठ्ठ्या! हललं नाही. ओठ न मिटता आवाज काढला, "बा... बा... आवाज... तुट..."

मी जन्मभर विनोद लिहिले. हा प्रसंग लिहून पाठवला असता तर संपादकाने 'ओढूनताणून आणलेला' म्हणून साभार परत केला असता.

मुलाला म्हणता आलं असतं, अरे, ते मांजर हाकल आधी. पण म्हणालो नाही. किती वेळ श्वास धरणार बिचारा? मी आपलं तोंड अर्धं उघडलं, एक डोळा अर्धा मिटला आणि थांबलो. बाप-लेक समोरासमोर, दोघेही अगदी स्पष्ट! कला घराण्यातच असते हो.

"बा... ळा..." मी म्हणालो, "तुझाही... आवाज... तुट..." आणि कॉल तोडायचं बटण दाबलं. या वेळी बरोबर सापडलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"रेंज गेली."

तिने पडद्यावरच्या दांड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चष्मा तिचाही चांगला आहे.

"माझा भाऊ येईन म्हणालाय," ती म्हणाली. "उठवायला-बसवायला."

"तो? तो तुझ्या गुडघ्यातसुद्धा पाईप शोधेल."

ती हसली. हसता हसता दाराला धरून उभी राहिली. तेव्हा मला दिसलं, तिच्या काखेत ती खोळ होती. वाळलेली, झालर सारखी करून नीट घडी घातलेली. कुणी सांगितलं होतं तिला आणायला?

मी खुर्ची मागे सरकवली, तिला टेबलाशी यायला वाट करून दिली.

"अगं, आणलीच आहेस तर घाल जरा परत. ऊन येतंय त्याच्यावर."