टिपणीसकाका आणि दगडाची दारं

टिपणीसकाका आमच्याकडे आले की आधी आमच्या दाराला भेटायचे आणि मग आम्हाला. मी दार उघडून 'या काका' म्हणायची, पण ते आत यायचे नाहीत. माझ्या हातातून दार काढून घ्यायचे, लावायचे, उघडायचे, पुन्हा लावायचे. या भानगडीत एकदा तरी मी आत आणि ते बाहेर असा प्रसंग यायचाच. बाहेर बर्फ पडत असला तरी त्यांना घाई नसे. खिशातून लायब्ररीचं कार्ड काढून ते दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवायचे, आणि मग बंद दारापलीकडून निकाल यायचा, "वरचं बिजागर उतरलंय गं तुझं. गॅप बघ, गॅप!"

मी लग्न होऊन अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला नवीनच आले होते तेव्हा मला हा शुद्ध अपमान वाटला होता. नवऱ्यानं, म्हणजे मंदारनं, समजूत घातली. आमच्या गावात दर दुसरा मराठी माणूस मोटारीच्या कुठल्या तरी एका तुकड्यावर पोट भरतो. कुणी ब्रेकवाला, कुणी सीटवाला, मंदार वायपरच्या सॉफ्टवेअरवाला. टिपणीसकाकांनी उभी नोकरी गाडीच्या दारांवर काढली होती. दार लागताना आवाज कसा यावा, कडेचं रबरी सील किती दबावं, फट सगळीकडे सारखी कशी राहावी, यावर हा माणूस जेवणाच्या ताटावर तासभर बोले. "इंजिन काय, कुणीही करतो," असं ते ब्रेकवाल्यांसमोर म्हणत. "गिऱ्हाईक आधी दाराला हात लावतं."

दुकानाच्या पार्किंगमध्ये तर त्यांना आवरणं कठीण. नवं मॉडेल दिसलं की निघाले. लोकांच्या गाड्यांना वाकून वाकून बघायचे. एकदा गार्डनं हटकलं तर त्यालाच त्याच्या गाडीच्या मागच्या दाराचा दोष दाखवून आले. आणि या सगळ्या वेळात सुलभाकाकू, त्यांच्या पत्नी, आपल्या गाडीत बसलेल्या असत. मांडीवर शब्दकोड्याचं पुस्तक, पर्समध्ये दाणे-गुळाची डबी. तक्रार नाही, कपाळाला आठी नाही. "तुम्ही या बघून, मी बसते इथे." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या ठिकाणी ऐकलंय, की काकूंचा चेहरा आठवला की तेच आधी ऐकू येतं. डेट्रॉइटच्या मोटारींच्या प्रदर्शनात त्या दरवर्षी कोट ठेवतात त्या काउंटरजवळच्या बाकावर बसायच्या. प्रदर्शन आतून कसं दिसतं हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

काका रिटायर झाले तेव्हा दोघं एका टूरबरोबर तुर्कस्तानला जाऊन आले. परत आल्यावर काही महिन्यांतच काकूंचा कॅन्सर कळला, आणि कळला तेव्हा फार उशीर झालेला होता. क्रेमेटोरियममध्ये आम्ही सगळे रडत होतो. काका कोरड्या डोळ्यांनी त्या भट्टीच्या दाराकडे बघत उभे होते. ते बंद झालं तसे मंदारकडे वळून हळूच म्हणाले, "सील चांगलंय." नोव्हायमध्ये पुढे बरेच दिवस त्या एका वाक्यावर चर्चा झाली. माणूस दगड आहे, असं लोक म्हणाले. मीही म्हणाले. काकूंच्या अस्थी त्यांचा मुलगा निशांत नाशिकला घेऊन गेला, साड्या वाटून टाकल्या, आणि इथे काकूंचं म्हणून काही उरलं नाही.

त्यानंतर काकांना थडग्यांचं वेड लागलं. दर ऑक्टोबरला एकटे तुर्कस्तानला जायचे. त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर अडीच हजार वर्षांपूर्वी लिसियन नावाचे लोक राहायचे. त्यांची शहरं आता पडलीत, पण त्यांनी डोंगराच्या उभ्या कड्यात खोदलेली थडगी तशीच आहेत. गंमत म्हणजे ती हुबेहूब लाकडी घरासारखी कोरलेली. तुळया, चौकटी, सरकती दारं, सगळं दगडात. काकांना हे सांगताना धाप लागे. "अगं, दगडात खिळे कोरलेत! दगडाला कशाला हवा खिळा? तो कुठे सुटून जाणार होता?" मग आवाज खाली आणून म्हणत, "आपलं बघ. इथे राहतो लाकडाच्या घरात आणि जाताना परत लाकडंच. आता तर तीही नाहीत, गॅसवर भागवतात." यावर हसायचं की नाही ते मला कधी ठरवता आलं नाही.

मराठी मंडळाच्या दिवाळीत त्यांना एकदा 'प्रवासातल्या गमती' सांगायला दहा मिनिटं दिली होती. शाळेचा हॉल, पैठण्या, मोत्याचे दागिने, फराळ अजून व्हायचा. दिवे गेले आणि पडद्यावर पहिलं थडगं आलं. मग दुसरं. मग नुसती दारं. पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी "शिव शिव, लक्ष्मीपूजनाला?" असं म्हणून डोळे मिटून घेतले. काका रंगात आले होते. "इथे प्रेत आत सरकवायचे. गॅप बघा, गॅप! आपल्या चकलीच्या साच्याला एवढी अ‍ॅक्युरसी नाही." अध्यक्षांनी स्वतः जाऊन दिवे लावले. पुढल्या वर्षी काकांना पार्किंगची ड्युटी मिळाली. ते फार खूश होते, शंभर गाड्यांची दारं बघायला मिळाली म्हणून.

आमच्या घरी मात्र त्यांनी कहरच केला. तिकडून आणलेली एक छोटी दगडी वस्तू त्यांनी मला भेट दिली होती. पुढे दोन खांब, वर त्रिकोणी कळस, मध्ये कोनाडा. मी ती पुस्तकांच्या फळीवर ठेवून विसरून गेले. त्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांनी बरोबर आपला बाळकृष्ण आणला होता आणि त्याला जागा शोधत होत्या. त्या कोनाड्यात बाळकृष्ण असा फिट बसला, की त्यांनी कळसाला हळदकुंकू लावून रोज पूजा सुरू केली. एके दिवशी काका चहाला आले, दाराची तपासणी आटोपून आत वळले आणि देव्हाऱ्यासमोर थबकले. "वा, आई! तुमच्या कृष्णाला थडगं अगदी मापात आलंय."

सासूबाईंच्या हातातलं निरांजन खाली पडायचं तेवढं राहिलं. काका गेल्या गेल्या त्यांनी दार लावून घेतलं. मग बाळकृष्णाला पंचामृतानं न्हाऊ घातलं, स्वतः आंघोळ केली, मलाही करायला लावली. त्याची रवानगी स्टीलच्या वाटीत झाली. पण वाटीत तो सारखा कलंडायचा. शेवटी इंडियन ग्रोसरीतून गोमूत्र मागवून सासूबाईंनी ते थडगं शुद्ध करून घेतलं आणि देवाला परत आत बसवलं. "त्या टिपणीसांना सांगू नकोस," एवढं मला बजावलं.

त्याच सुमाराला निशांतनं ठरवलं, की बाबांनी घर विकून त्याच्याकडे सिअ‍ॅटलला यायचं. काकांचा गुडघा पार गेला होता, जिना चढताना ते दोनदा थांबायचे. काका म्हणाले, येतो, पण आधी एकदा पिनाराला जाऊन येतो. पिनारा म्हणजे तुर्कस्तानातलं, त्या थडग्यांचं एक पडकं शहर. मुलगा फोनवर ओरडला, "बाबा, नॉट अलोन! युअर नी इज डन!" बरीच हुज्जत झाली, आणि कुणी सोबत येणार असेल तरच जायचं यावर तडजोड निघाली. घराचा सौदा झाला होता. या ऑक्टोबरला नाही तर कधीच नाही, हे काकांना कळत होतं.

मग टिपणीसकाका सोबत शोधत घरोघर फिरायला लागले. मी माणसांना इतकं खोटं बोलताना एकाच महिन्यात कधी ऐकलं नाही. कुणाला प्रोजेक्टची डेडलाइन, कुणाच्या मुलाचं रोबोटिक्स. नागपूरचा एक पोरगा म्हणाला, "काका, यार, व्हिसा स्टॅम्पिंगचा लफडा आहे, देशाबाहेर पडलो तर परत येता येणार नाही." त्याचं ग्रीन कार्ड झाल्याचे पेढे काकांनी स्वतः खाल्ले होते. काका प्रत्येकाला 'बरोबर आहे तुझं' म्हणायचे. आमच्याकडे आले त्या दिवशी त्यांनी दार तपासलंच नाही. सरळ आत येऊन सोफ्यावर बसले आणि गुडघा चोळत राहिले. मला ते बघवलं नाही.

"मी येते काका," मी म्हणाले. मंदारनं माझ्याकडे चमकून पाहिलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "जा तू. पोरांचं मी बघते. पण थडग्यात शिरलीस तर आंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

प्रवासभर मी व्याख्यान ऐकायची मनाची तयारी केली होती, आणि निम्मा प्रवास ते झालंही. विमानाच्या दाराबद्दल झालं, भाड्याच्या गाडीच्या दाराबद्दल झालं. फेथिये नावाच्या गावात डोंगरावर एक भलंमोठं प्रसिद्ध थडगं आहे, लोक पायऱ्या चढून फोटो काढायला जातात. काकांनी ते खालूनच निकालात काढलं. "ट्रकचं दार आहे. पुढे चल."

पिनाराचा रस्ता कच्चा होता. गाडी उभी केली तिथे एका खोपटात पहारेकरी होता. तो काकांना ओळखत होता. त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली आणि मग माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. समोर प्रचंड मोठा कडा होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत काळी भोकं, सगळी थडगी. पलीकडे एक पडकं नाट्यगृह, पायऱ्यांमधून झाडं उगवलेली. माणूस कुठेच नाही. आम्ही ओढ्याच्या काठानं वर चढायला लागलो. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, असे काका चढत होते. मला वाटलं होतं, आता यांना चेव येईल. पण कड्यातल्या एकाही दाराकडे त्यांनी बोट दाखवलं नाही.

बऱ्याच वेळानं एका थडग्यापाशी थांबलो. जमिनीपासून थोडंच वर, तुळयांची टोकं कोरलेली, सरकतं दगडी दार कधीकाळी चोरांनी फोडलेलं. ते खरंच देखणं होतं. मी पर्समधून माझं लायब्ररीचं कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. "घ्या काका. गॅप बघा."

"राहू दे," ते म्हणाले.

त्यांनी थडग्याकडे पाठ केली आणि समोर पडलेल्या एका लांबट दगडावर हळूच बसले. अगदी एका कडेला बसले. उरलेल्या जागेवरची पाइनची पानं हातानं झाडून काढली.

"सुलभा इथे बसली होती," ते म्हणाले. "थडग्यात शिरलं की आंघोळ करावी लागते, आणि आमची बस संध्याकाळपर्यंत हॉटेलवर जाणार नव्हती. म्हणाली, तुम्ही या बघून."

"मग?"

"मग काय. मी गेलो तो गेलोच. एक दार झालं की पुढचं. वर पार त्या वळणापर्यंत गेलो. परत आलो तर ऊन तिच्या अंगावर आलेलं, पण ही जागची हलली नव्हती. सावली तिथे आहे बघ, चार पावलांवर. म्हटलं, सावलीत का नाही बसलीस? तर म्हणाली, तुम्ही मला शोधत बसला असतात." त्यांनी काठीचं टोक मातीत रुतवलं. "तेव्हा तिचं दुखणं सुरू झालेलं होतं. मला माहीत नव्हतं. तिला असणार."

खाली कुठेतरी बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"जन्मभर थांबली गं ती. पार्किंगमध्ये, प्रदर्शनात, फॅक्टरीच्या गेटवर. एवढा वेळ बसून काय करत असेल, काय वाटत असेल, कधी विचारलंच नाही मी. आता कुणाला विचारू? म्हणून इथे येऊन बसतो. बघतो, कसं वाटतं ते."

मला एकदम रडू आलं. काकूंसाठी आलं, आणि त्या माणसाला दगड म्हटलं होतं त्यासाठीही आलं. इतकी वर्षं सगळ्या नोव्हायला वाटत होतं की हा म्हातारा दारं बघायला जातो. त्यांच्या शेजारी बसावं म्हणून मी पुढे झाले, तर त्यांनी रिकाम्या जागेवर अलगद हात ठेवला.

"तू ये बघून," ते म्हणाले. "मी बसतो इथे."

मी वाकून त्या फुटक्या दारातून आत शिरले. छोटीशी खोली, तीन बाजूंना दगडी ओटे, जमिनीवर बकऱ्यांच्या लेंड्या, ओलसर गारवा. दाराच्या भोकातून काकांची पाठ दिसत होती, वाकलेली, आणि शेजारी दगडाची झाडलेली रिकामी जागा. उन्हाची कड त्यांच्या बुटांपर्यंत आली होती. सावली चार पावलांवर होती.

आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी ओट्यावर बसले, आणि ऊन त्यांच्या खांद्यापर्यंत चढेतो बाहेर आले नाही.