पाळण्याला बांधलेली पिवळी चिठ्ठी

सून आंघोळ करून खोलीत आली, तर पाळण्याच्या दांडीला सुतळीनं पिवळी चिठ्ठी बांधलेली.

थांबवा.
माल: मुलगी, सहा आठवडे.
कारण: कळा सलाईननं आणल्या. पाठीत इंजेक्शन. डोकं व्हॅक्यूमनं ओढलं.
शंका: मेंदू.
निर्णय: बाकी.

खाली सासऱ्यांची सही. पंपांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते. शंका आली की चिठ्ठी बांधायची, माल पुढे सोडायचा नाही. निवृत्त झाले ते उरलेल्या चिठ्ठ्या घेऊनच.

"बाबा, हा पंप आहे का?"

"चिडू नकोस गं. मोबाईलवर लेख आलाय. जन्मताना ढवळाढवळ केली की मेंदूवर परिणाम होऊ शकतो."

"होतो, की होऊ शकतो?"

"शंका म्हणजे शंका. मी खुळखुळा वाजवला, तिनं ढुंकूनही पाहिलं नाही."

"झोपलीय ती!"

"बरं, तसं लिहितो."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज चिठ्ठी, उद्या शाळेत दोन मार्क कमी पडले की, 'बघा, व्हॅक्यूम!' जन्मभर. ती सुतळीची गाठ ओढू लागली, तेवढ्यात घरोघरी लस देणारी नर्स आत आली. तिनं चिठ्ठी वाचली आणि पेटी बंद केली.

"मेंदूची तपासणी बाकी? मग मी सुई टोचणार नाही. डॉक्टरांचं लेखी आणा."

"अहो, आजोबांनी लिहिलंय ते!"

"असेल. सही आहे ना?"

जिन्यात नर्सनं शेजारणीला सांगितलं. शेजारीण वर येऊन सुनेला मिठी मारून रडली. चार वाजता नणंदेचा फोन: "वहिनी, धीर सोडू नकोस."

पाच वाजता सगळं घर डॉक्टरीणबाईंसमोर. बाळंतपण त्यांनीच केलेलं. त्यांनी बाळासमोर बॅटरी फिरवली. बाळाचे डोळे मागोमाग फिरले.

"छान आहे. लस द्या."

"पण लेखात—"

"आजोबा, ठाम सांगण्याइतकं अजून कुणालाच माहीत नाही. अभ्यास चालू आहेत. त्या दिवशी मात्र हिचे ठोके घसरत होते. ओढलं नसतं, तर आज तुम्ही चिठ्ठी कुणाला बांधली असती?"

सुनेला वाटलं, बाईंचे पाय धरावेत.

सासरे मात्र हटेनात. "तुलनेला चांगला नमुना हवा. हा आमचा मुलगा घ्या. एकही हत्यार न लावता झालेला!"

"कुणी सांगितलं?" सासूबाई कडाडल्या. "दोन दिवस कळा सोसल्या मी. शेवटी चिमट्यानं काढला त्याला. तुम्ही तिसऱ्या दिवशी कारखान्यातून आलात आणि 'मुलगा का?' एवढंच विचारून परत गेलात!"

सासऱ्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. तो बाळाच्या टोपीत बाळाचा पाय घालत होता.

तेहतीस वर्षांचं कोडं सुटल्यासारखा सासऱ्यांचा चेहरा उजळला.

"तरीच!"

मुलीसाठी भांडून सुनेचा घसा बसला होता. तरी तिनं ओढणी कमरेला खोचली.

"तरीच काय, बाबा? तरीच काय? बोला!"