दातारकाकांची वर्दी

दार सताड उघडं असतं, दारात मी स्वतः उभा असतो, तरी दातारकाका बेल वाजवतात. माझ्याकडे बघत वाजवतात. "आल्याची वर्दी द्यावी. दारात दिसणारा माणूस घरात असतोच असं नाही," हे त्यांचं तत्त्वज्ञान. स्वतःच्या घराचीही ते आधी बेल वाजवतात आणि मग खिशातून किल्ली काढतात. घरात ते एकटेच.

काका रिटायर्ड इंजिनिअर, सिएटलच्या उपनगरात आमचे शेजारी. काकू गेल्या मार्चमध्ये गेल्या. त्यानंतर काकांचं देवळात जाणं वाढलं आणि नेमकं तेव्हाच ट्रस्टींनी सभा भरवून, सूचक-अनुमोदकासह ठराव करून घंटेच्या लोलकाला फडकं बांधलं. आजूबाजूच्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणून. सभेनंतर सामोसे होते. "घंटा मुकी आणि ट्रस्टी बोलतायत. उलट पाहिजे," म्हणून काकांनी देऊळ सोडलं आणि वाजणारी घंटा शोधायला घेतली.

फेरीबोटीने पलीकडे गेलं की नॉर्वेच्या लोकांनी वसवलेलं एक चिमुकलं गाव आहे. तिथे खाडीला फ्योर्ड म्हणतात. टेकडीवर पांढरं चर्च, अगदी बिस्किटांच्या डब्यावर छापावं असं. त्याची घंटा अजून दोरीने वाजवतात, हे काकांना कुठूनसं कळलं. "शनिवारी तू ड्राइव्ह कर," त्यांनी फर्मावलं. मी वाटभर समजावलं की तिथे असं कुणीही जाऊन वाजवत नाही, लोक रागावतील.

"दार त्याचं, घंटा त्याची. मला फक्त वर्दी द्यायचीय."

चर्चच्या पायरीवर त्यांनी बूट काढून ठेवले. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. ते आत गेले, मी नव्या डिजिटल कॅमेऱ्याने फ्योर्ड टिपू लागलो. तेवढ्यात घंटा सुरू झाली ती थांबेचना. आत धावलो, तर काका दात-ओठ खाऊन दोरी ओढतायत.

खालच्या बेकरीतली म्हातारी एप्रनला हात पुसत टेकडी चढून आली. मागून आणखी चार-पाच जण. मी माफीचं इंग्रजी जुळवत होतो, तोवर तिने काकांना हलकेच विचारलं, "कोण गेलं?" रविवार सोडून घंटा वाजली, तर त्या गावात तिचा तोच अर्थ.

काकांच्या हातात दोरी तशीच होती.

"माय वाइफ," ते म्हणाले. "सुलभा. लास्ट मार्च."

उशीर झाला, असं कुणी म्हणालं नाही. म्हातारीने एप्रन सोडला, घडी घातली आणि पुढच्या बाकावर बसली. बाकीचेही बसले, दोरी सोडून काकाही. काकूंच्या वेळी वर्किंग डे होता. क्रिमेटोरियममध्ये बटण दाबलं आणि मंडळी पांगली. इथे मात्र कुणी उठेना. शेवटी काकाच उठले, एकेकाला नमस्कार करून बूट घालायला गेले.

आम्ही परतलो. काका घराशी उतरून दारापर्यंत गेले. बेलकडे गेलेला हात त्यांनी खाली घेतला, किल्ली काढली आणि दार उघडलं.