एक दात मागे

एमिलचा जुना पिकअप ट्रक धूर ओकायला लागला तेव्हा रोलंड व्हेसेली एवढंच म्हणाला, "गॅरेजला कशाला द्यायचा? इंजिन मी घरीच उघडतो. दोन शनिवारांत काम खलास."

हे झालं ऑक्टोबरात. जून संपत आला तेव्हा रोलंडने शनिवार मोजणं सोडून दिलं होतं.

रोलंड नेब्रास्कातल्या एका लहानशा गावी पोस्टात कारकून होता. पत्रं बरोबर खणांत टाकण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. इंजिन म्हणजे तरी निराळं काय, प्रत्येक वस्तू आपापल्या खणात गेली की झालं, असा त्याचा प्रामाणिक समज होता. (समज करून घ्यायला पाने-पकडी लागत नाहीत.) एमिल हा त्याचा सासरा. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत तो दरवर्षी हा ट्रक चालवायचा. तो गेल्यापासून सासूबाई, अल्विना, चालवायच्या. यंदा मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं : ऑगस्टपासून गाडी चालवणं बंद. म्हणजे ही मिरवणूक शेवटची.

इंजिन एकदाचं जोडून झालं. चावी फिरवली. ट्रक थरथरला, खोकला आणि बसला. समोर पिवळा दिवा लागला. रोलंडने दोष वाचायचं यंत्र आणलं. इंजिनात दोन सेन्सर : एक खालचा दांडा कुठवर फिरलाय ते सांगतो, दुसरा वरचा. यंत्राचं म्हणणं, दोघांचा मेळ बसत नाही.

"म्हणजे एकजण खोटं बोलतोय," रोलंडने निकाल दिला.

त्याने वरचा सेन्सर बदलला. मग खालचा. मग पुन्हा वरचा, कारण नवाही खराब निघू शकतो. मग वायरी. मग तिसऱ्यांदा वरचा. सुट्या भागांच्या दुकानातला माणूस, रोलंड दारातून आत येताना दिसला की न विचारताच सेन्सरचं खोकं काउंटरवर ठेवायला लागला. दिवा ढिम्म हलला नाही.

"रोली, एवढे सेन्सर आणलेस," त्याची बायको जोलीन म्हणाली, "एखादा डोक्यात बसवून बघ ना."

रोलंडने पुन्हा बॉनेटखाली डोकं घातलं. पाठ गेली होती, नखं काळी पडली होती.

दोन जुलैला दुपारी अल्विनाबाई जर्दाळूचं सारण भरलेले गोड पाव, कोलाचे, घेऊन आल्या आणि पालथ्या बादलीवर बसल्या. "चालू कर बघू."

ट्रक खोकला.

"एक दात मागे आहे," त्या म्हणाल्या.

रोलंडने नकळत जिभेने स्वतःचे दात चाचपले. "माझा?"

"चेनचा रे! दोन्ही दांडे जोडणारी टायमिंगची चेन एक दात मागे बसलीय. एमिलनेही एकदा हाच घोळ घातला होता. उजेडाला बॅटरी मीच धरली होती, चार तास. आवाज अगदी हाच."

"आई, तुमच्या वेळची इंजिनं वेगळी होती. हे कॉम्प्युटरचं काम आहे. हा सेन्सर खोटं—"

"दोन्ही सेन्सर खरं तेच बोलतायत. तू ऐकत नाहीयेस."

हे मात्र रोलंडला लागलं. त्याने तावातावाने फोन काढला. "चेनच्या चाकावरची खूण खुणेला लावली, तेव्हा मी फोटो काढलाय. हा बघा पुरावा!"

अल्विनाबाईंना तेवढं बारीक दिसेना. जोलीनने फोन घेतला आणि फोटो मोठा केला.

"खूण म्हणजे हा पिवळा ठिपका?"

"तोच. कंपनीच देते."

"आणि त्याच्या शेजारच्या दातावर हा कोरलेला ठिपका कसला?"

"असेल काहीतरी."

"रोली, फोटोच्या कोपऱ्यात तुझं सँडविच आहे."

"मग? माणसाने जेवू नये?"

"त्यातून पिवळं मस्टर्ड गळतंय."

 रोलंडने फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला, चष्मा पुसून पाहिला. मस्टर्ड ते मस्टर्डच राहिलं. त्याने आठ महिन्यांचं इंजिन स्वतःच्या जेवणाला लावून बसवलं होतं.

अल्विनाबाई हसल्या नाहीत. (हसल्या असत्या तर बरं झालं असतं.) त्यांनी बॅटरी उचलली. "उघड. मी धरते."

रेडिएटर उतरला, पंप उतरला, पुढचं झाकण उतरलं. चेन एक दात पुढे सरकली आणि सगळं पुन्हा चढलं. तीन तारखेला सूर्य कलताना अल्विनाबाईंनी चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि संथ चालू राहिलं. पिवळा दिवा लागला नाही. बाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून कितीतरी वेळ नुसत्या ऐकत बसल्या. रोलंडने पाना पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवला. 

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत अल्विनाबाई चालवत होत्या, शेजारी जोलीन, खिडकीत कुत्रं. पुढे चौथ्याला जागा नव्हती, म्हणून रोलंड मागच्या उघड्या हौद्यात, हत्यारांच्या पेटीवर. ट्रक मंडपासमोर आला तेव्हा तो कपडे झटकून उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

भोंगा म्हणाला, "आणि हा एमिल कोवारिक यांचा ट्रक! इंजिनातला दोष नुसत्या आवाजावरून ओळखला, ऐंशी वर्षांच्या श्रीमती अल्विना कोवारिक यांनी! शेजारी कन्या जोलीन, आणि खिडकीतून बघतोय तो बस्टर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना विनंती आहे, खाली बसा. मागच्यांना बँड दिसत नाहीये."